माल पसंत, भाव नापसंत : कॉस्टन संकेतज्योतींचे प्रकरण (१८४८–१८७७)

हे प्रकरण अमेरिकेतले, यादवी युद्धाच्या काळातले : रात्री जहाजांनी एकमेकांना खुणावण्याच्या रंगीत ज्योतींचे. मार्था कॉस्टन यांचे नाव सरकारी नोंदींत असल्याने ते ठेवले आहे. रसायनतज्ज्ञ, कारखानदार आणि मधले ओळखीचे लोक निनावीच ठेवले आहेत, कारण निर्णय समजून घ्यायला त्यांच्या नावांची गरज पडत नाही. या बाईंच्या चिकाटीची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. इथे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे : तंत्राचा जवळजवळ प्रत्येक निर्णय बरोबर घेतलेल्या धंद्याला ऐन मागणीच्या चार वर्षांत तोटा का सोसावा लागला?

पार्श्वभूमी

मार्था हंट यांचा जन्म १८२६ चा, बाल्टिमोरचा. वाढल्या फिलाडेल्फियात. किशोरवयातच त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन कॉस्टन या तरुण संशोधकाशी घरच्यांना न सांगता लग्न केले. बेंजामिन वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत प्रयोगशाळेचे काम पाहत. तिथे त्यांनी तोफ डागण्याची ठिणगी-टोपी तयार केली आणि रात्रीच्या रंगीत संकेतांची कल्पना मांडली. टोपीच्या मोबदल्यावरून नौदलाशी बिनसले आणि १८४७ मध्ये ते नोकरी सोडून बोस्टनच्या एका गॅस कंपनीचे अध्यक्ष झाले. हा वाद लक्षात ठेवावा. ज्या गिऱ्हाइकाशी नवऱ्याचे पैशांवरून फाटले, त्याच गिऱ्हाइकाकडे पुढे बायकोला जायचे होते.

नोव्हेंबर १८४८ मध्ये बेंजामिन वारले. रसायनांच्या वाफांनी प्रकृती पोखरली होती. मार्था तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, पदरी चार मुले, जवळ पैसा नाही. पाठोपाठ घरात आणखी मृत्यू झाले. नवऱ्याची कागदपत्रे चाळताना रात्रीच्या संकेतांचे आराखडे सापडले. कल्पना स्पष्ट होती. मिश्रणांची उपयोगी पडेल अशी कृती मात्र त्यांत नव्हती.

अडचण

दिवसा जहाजे बावट्यांनी बोलत. प्रत्येक बावट्याला अंक असे आणि अंकांची जुळणी संकेतपुस्तकात पाहिली की वाक्य मिळे. अंधार पडला की ही सगळी सोय बंद. मग कंदील वर चढवायचे, तोफेचे बार काढायचे, बाण उडवायचे. कंदिलांच्या रचना मोजक्याच होतात, डोलकाठी हलली की त्यांचा आकार बिघडतो आणि शेजारच्या जहाजाच्या साध्या दिव्यांत त्या मिसळून जातात. बार ऐकू आला तरी कोणत्या जहाजाचा ते कळत नाही.

बेंजामिन यांच्या कल्पनेतली खुबी अशी की त्यात नवी भाषा शिकायची नव्हती. रंगांनी अंक दाखवायचा आणि अर्थ नौदलाच्या चालू पुस्तकातच शोधायचा. त्यासाठी दहा अंक आणि ‘संदेश येतो आहे’, ‘समजले’ अशा दोन जादा खुणा, एकूण बारा संकेत लागतात.

एका नळीत रंगीत मिश्रणांचे थर एकावर एक ठासले तर ते क्रमाने जळतात. लागोपाठचे दोन थर एकाच रंगाचे ठेवता येत नाहीत, कारण पाहणाऱ्याला ती एकच लांबलेली ज्योत दिसेल. दोन रंगांत एकेरी संकेत दोन, दुहेरी दोन, तिहेरी दोन : एकूण सहा, म्हणजे अंकसुद्धा भागत नाहीत. तीन रंग घेतले तर एकेरी तीन आणि दुहेरी सहा असे नऊ लगेच मिळतात आणि उरलेल्या तिघांसाठी तिहेरी थर वापरता येतात. म्हणून तिसरा रंग ही हौस नव्हती. तो नसता तर पुस्तकाचा उपयोगच झाला नसता.

पांढरा आणि लाल हाती होते. ठरलेला तिसरा रंग निळा होता आणि तो काही केल्या जमत नव्हता.

पहिला निर्णय : अपुरा माल दाखवायचा का?

सुरुवातीच्या काळात नमुने नौदलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत समुद्रावर तपासले गेले. निकाल असा आला की कल्पना उत्तम, ज्योती कुचकामी. अपुरा माल मोठ्या गिऱ्हाइकापुढे ठेवणे एरवी घातक ठरते, पण इथे त्याचा फायदा झाला. गरज खरी आहे हे गिऱ्हाइकाच्याच तोंडून कळले आणि दोष कुठे आहे तेही कळले. त्यानंतर रसायनतज्ज्ञ पदरी ठेवून प्रयोग चालू राहिले. सगळे मिळून जवळजवळ दहा वर्षे गेली.

वेळ कशात जातो, हे दारूकाम जवळून पाहिलेल्याला सांगायला नको. दिवाळीची चंद्रज्योत पाच-दहा फुटांवरून पाहायची असते. ही काही मैलांवरून ओळखू यायला हवी, तीही डोलणाऱ्या डेकवर, वाऱ्यात, खारट दमटपणात. अडचणी साधारण अशा :

थर नीट घट्ट ठासले नाहीत तर आग नळीच्या कडेने खाली उतरते आणि खालचा रंग वेळेआधी पेटतो. लाल-पांढरा दाखवायचा तर दोन्हींची खिचडी दिसते आणि पाहणारा वेगळाच अंक लिहून घेतो. फार घट्ट ठासले तर दोन थरांच्या सांध्यावर ज्योत विझते.

लाल रंगासाठी स्ट्रॉन्शियम लागते. त्याचे नायट्रेट नीट शुद्ध नसेल तर हवेतले पाणी ओढून घेते. सादळलेली ज्योत पेटायला वेळ घेते आणि फुसफुसत जळते.

मिठाचा दोष सर्वांत चोरटा. सोडियमचा लवलेश मिश्रणात गेला तरी ज्योत पिवळी पडते आणि पिवळ्याखाली हिरवा, निळा दोन्ही बुडतात. कार्यशाळेत उत्तम दिसलेली ज्योत समुद्रकाठच्या कोठारात राहून फिकट निघते.

शिवाय पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र खलणे धोक्याचे. घर्षणाने भडका उडतो आणि आम्लाचा अंश असेल तर आपोआपसुद्धा. रंग उजळ करण्याची वाट नेमकी क्लोरेटमधून जाते, म्हणजे प्रत्येक सुधारणा जिवावरची.

दुसरा निर्णय : निळा की हिरवा

या प्रकरणातले सर्वांत शिकण्याजोगे वळण हेच.

निळा रंग तांब्याच्या क्षारांतून येतो. ज्योतीत तांबे आणि क्लोरीन यांचा जो संयोग निळा प्रकाश देतो तो नाजूक असतो, तापमान वाढले की मोडतो. दुरून दिसावी म्हणून ज्योत प्रखर करायला जावे तर नेमका निळाच मरतो आणि पांढुरके काहीतरी उरते. थंड ठेवावी तर रंग टिकतो, पण मैलभरावरून दिसत नाही. त्यात हवासुद्धा निळा प्रकाश अधिक विखुरते. दारूकामात निळा आजही सर्वांत अवघड समजला जातो, तेव्हा १८५० च्या दशकातल्या रसायनतज्ज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही.

हिरवा बेरियमच्या क्षारांतून येतो. त्यालाही क्लोरीन लागते, पण तो अधिक उष्णता सोसतो आणि माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत तेज भासतो. पांढऱ्या आणि लाल ज्योतीशेजारी टिकेल असा तिसरा रंग शोधायचा तर उमेदवार हिरवाच.

१८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकखालून टाकलेल्या तारेचा पहिला संदेश आला आणि न्यूयॉर्कमध्ये जल्लोष झाला. (आतषबाजी इतकी दणक्यात झाली की सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली. तार मात्र काही आठवड्यांत मुकी झाली.) ती रोषणाई पाहून कॉस्टनबाईंना सुचले की उत्तर रसायनशास्त्राच्या पंडितांकडे नसेलही, शोभेची दारू करणाऱ्यांकडे असेल. त्यांनी न्यूयॉर्कच्या दारूकाम कारखानदारांना पत्रे धाडली, आणि बाईचे पत्र पाहून कोणी दुर्लक्ष करू नये म्हणून पुरुषाच्या नावाने. मागणी झगझगीत निळ्याची होती. मनासारखा निळा मिळाला नाही. प्रखर, स्वच्छ हिरवा मिळाला.

इथे दोन पर्याय होते. निळ्यासाठी आणखी थांबायचे, कारण मूळ आराखडा तोच होता आणि लाल-पांढरा-निळा हे राष्ट्रध्वजाचे रंग, नौदलाला भावतील असे. किंवा हिरवा घेऊन मोकळे व्हायचे. त्यांनी हिरवा घेतला. संकेतपुस्तकाला तिसरी वेगळी खूण हवी असते, तिचा रंग कोणता याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अडून बसलेल्या अटीतला गरजेचा भाग कोणता आणि सवयीचा कोणता, हे ओळखायला दहा वर्षे लागली. हाच प्रश्न तिसऱ्या वर्षी विचारता आला असता. दिलेल्या मागणीत ‘निळा’ न लिहिता ‘पांढरा आणि लाल यांच्यापासून तीन मैलांवरूनही वेगळा ओळखू येणारा कोणताही रंग’ असे लिहिले असते तर शोध बराच आधी संपला असता, असे म्हणायला जागा आहे.

तिसरा निर्णय : पेटंट कोणाच्या नावे

५ एप्रिल १८५९ रोजी पेटंट क्रमांक २३,५३६ मिळाले. त्यात संशोधक म्हणून बेंजामिन यांचे नाव आहे आणि मार्था या मृताच्या मिळकतीच्या व्यवस्थापक म्हणून येतात. दहा वर्षांची खटपट त्यांची, नाव नवऱ्याचे, म्हणून यावर आज हळहळ व्यक्त होते. कायद्याच्या बाजूने पाहिले तर ही वाट सुरक्षित होती. १८३६ च्या पेटंट कायद्यात मृत संशोधकाचा हक्क त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थापकाला वारसांसाठी मागता येत असे. मूळ कल्पना आपली आहे अशी शपथ त्यांनी स्वतः घेतली असती तर पुढे कोणीही गोदीतले जुने कागद पुढे करून पेटंट पाडले असते. खरी उणीव वेगळी होती. हिरव्या मिश्रणाचे ज्ञान कारखानदाराकडे राहिले आणि भावाच्या वाटाघाटीत एक पाय कायम त्याच्या दारात अडकला.

चौथा निर्णय : आधी कोण, घरचे की परके

अधिकाऱ्यांच्या मंडळाने चाचण्या घेतल्या. कॅप्टन मॅकॉली यांनी नौदलमंत्री आयझॅक टूसी यांच्याकडे शिफारस केली. पहिली मागणी ३०० ज्योतींची, नंतरची ६,००० डॉलरची. कारखाना चालवायला हे पुरेसे नव्हते आणि शांततेच्या काळात आणखी मिळण्याची चिन्हेही नव्हती. तेव्हा त्यांनी युरोपचा रस्ता धरला. इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, इटली, स्वीडन इथे पेटंटे घेतली आणि १८६१ पर्यंत तिकडेच राहून विक्रीची खटपट केली. एकाच सरकारी गिऱ्हाइकावर विसंबून न राहण्याची ही चाल बरोबर होती. पण फळ यायच्या आत युद्ध पेटले.

पाचवा निर्णय : ठोक रकमेत हक्क देणे

एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. सुमारे साडेतीन हजार मैलांचा किनारा, पहाऱ्याला थोडी जहाजे, आणि नाकेबंदी चुकवणारी जहाजे राखाडी रंग लावून अमावास्येच्या आसपास निसटणार. पहाऱ्यावरच्या जहाजांना रात्री एकमेकांशी बोलता आले नाही तर नाकेबंदी कागदावरच राहते. कॉस्टनबाई परतल्या त्या थेट वॉशिंग्टनला. त्यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, ४०,००० डॉलर मागितले. ५ ऑगस्ट १८६१ च्या कायद्याने २०,००० मंजूर झाले आणि हक्क नौदलाकडे गेला. माल पुरवण्याचे काम त्यांच्या कंपनीकडे राहिले.

त्यांच्यापुढचे पर्याय असे होते. रक्कम नाकारून प्रत्येक ज्योतीमागे हक्काचे पैसे मागायचे. पण युद्धात सरकार अडून बसलेल्याला वळसा घालून माल बनवून घेऊ शकते. रक्कम घ्यायची आणि कारखाना नौदलावर सोडायचा. मग पोटापाण्याचे साधन गेले. किंवा रक्कम घ्यायची आणि पुरवठाही करायचा. त्यांनी तिसरा पर्याय घेतला. पर्याय वाईट नव्हता. घात झाला तो भावाच्या अटीत.

फेब्रुवारी १८६२ पासून सरकारने सोन्याचे पाठबळ नसलेल्या नोटा काढल्या. १८६४ पर्यंत घाऊक भाव १८६१ च्या जवळपास दुप्पट झाले. त्यात दारूकामाचा कच्चा माल युद्धसामग्रीतच मोडतो. सोरा प्रामुख्याने ब्रिटिश हिंदुस्थानातून, कलकत्त्याहून लंडनमार्गे येई. १८६१ च्या अखेरीस ‘ट्रेंट’ जहाजावरून ब्रिटनशी तंटा झाला तेव्हा लंडनने सोऱ्याची निर्यातच काही आठवडे रोखून धरली. क्षार, गंधक, कागद, मजुरी, सगळे वर चढत असताना ज्योतींचा भाव मात्र मागेच राहिला. कंपनी खर्चापेक्षा कमी दरात माल देत होती आणि युद्ध जितके लांबेल तितका तोटा वाढत होता. पुरवठा थांबवला तर समुद्रावरची जहाजे आंधळी, म्हणून तोही मार्ग बंद. हक्क आधीच विकलेला, तेव्हा दर वाढवून मागायला हातात हुकमाचे पान उरले नव्हते.

काय निष्पन्न झाले

तंत्र म्हणून ज्योती पूर्ण यशस्वी ठरल्या. पिस्तुलासारख्या मुठीत ज्योत खोचायची, चाप ओढला की टोपी फुटून ती पेटे. ती हवेत उडत नसे, हातातच जळे. नाकेबंदी चुकवणारी जहाजे पकडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेच्या फोर्ट फिशर या किल्ल्यावरच्या हल्ल्यात आरमाराच्या हालचाली जुळवायला त्या वापरल्या गेल्या. पुढे अमेरिकेच्या किनारा-जीवरक्षक दलाच्या प्रत्येक ठाण्यावर त्या पोहोचल्या. रात्री किनाऱ्यावर गस्त घालणारा माणूस ज्योत पेटवून जहाजाला ‘खडकाकडे येताय’ म्हणून सावध करी किंवा फुटलेल्या जहाजाला ‘दिसलात, मदत येते’ असे कळवी.

पैशांचा निकाल निराळा. कॉस्टनबाईंच्या हिशेबाने सरकारकडे १,२०,००० डॉलर निघत होते. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी दावा लावून धरला. देऊ केले गेले १५,०००.

१८७१ मध्ये त्यांनी पेटंट क्रमांक ११५,९३५ घेतले, या वेळी स्वतःच्या नावाने. पिळताच पेट घेणारी ज्योत हा त्याचा गाभा. वेगळी मूठ नको, टोपी नको, ओल्या बोटांनीही पेटवता येते. वेळही नेमकी साधली होती. १८५९ चे पेटंट चौदा वर्षांचे, म्हणजे १८७३ ला संपणार. नव्या कायद्यानुसार नव्याला सतरा वर्षे मिळाली. शिवाय मुठीविना पेटणारी ज्योत व्यापारी जहाजांना आणि खासगी होड्यांनाही विकता येते, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाची बांधिलकी सैल झाली. पुढे मुलांनी धंद्यात हात घातला. कंपनी नावे बदलत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होती.

१८७७ मध्ये एडवर्ड व्हेरी या नौदल अधिकाऱ्याने पिस्तुलातून उंच उडणारे रंगीत तारे आणले. क्षितिजापलीकडून दिसण्याच्या बाबतीत हातातली ज्योत त्यापुढे टिकणे शक्य नव्हते. जीवरक्षणात मात्र ती टिकली, कारण तिथे मदत नेमकी कोणत्या जागी हवी हे दाखवायचे असते. आज व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या मराठी खलाशांना लाइफबोटीतली लाल हॅंड फ्लेअर ठाऊक असते. तिला निदान एक मिनिट, निदान १५,००० कँडेला तेजाने जळावे लागते आणि १० सेकंद पाण्याखाली १० सेंटिमीटर बुडवल्यावरही जळत राहावे लागते. यातली प्रत्येक अट वर सांगितलेल्या एखाद्या जुन्या दोषावर बोट ठेवते.

वेगळे काय करता आले असते

भावाची अट हीच मुख्य. १८६१ मध्ये महागाईचा अंदाज कोणालाच नव्हता हे खरे, पण तो नसतानाही करार राखता येतो. भाव ठरावीक मुदतीपुरताच बांधायचा, समजा सहा महिने, आणि पुढचा भाव चार मुख्य मालांच्या बाजारभावावर सोडायचा : सोरा, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमचे क्षार, गंधक, कागदी नळ्या. मजुरी वेगळी धरायची. सरकारने हे नाकारले असते तर निदान हक्काची किंमत ठरण्याआधी नाकारले असते, आणि तेव्हा हुकमाचे पान हातात होते. हक्क आणि पुरवठा या दोन वाटाघाटी एकाच बैठकीत व्हायला हव्या होत्या. हक्क आधी विकून पुरवठ्याचा भाव मागून बोलल्याने दुसऱ्या बैठकीत गिऱ्हाईकच मालक झाले.

दुसरे, हिशेब. युद्ध संपल्यावर केलेला दावा ‘आम्हाला तोटा झाला’ एवढ्यावर टिकत नाही. प्रत्येक खेपेबरोबर त्या दिवसाच्या कच्च्या मालाच्या पावत्या जोडून लेखी आक्षेप नोंदवत गेले असते तर नंतरची रक्कम दाव्याची न राहता थकबाकीची ठरली असती.

तिसरे, हिरव्या मिश्रणाची कृती. ती देणाऱ्या कारखानदाराशी पहिल्याच दिवशी ठरवून, ठोक मोबदला देऊन, लेखी स्वरूपात स्वतःच्या ताब्यात घ्यायला हवी होती. १८५८ मध्ये तिला फारशी किंमत नव्हती. १८६२ मध्ये पुरता आरमारी धंदा तिच्यावर उभा होता.